दादरपासून काळा घोडा किती लांब?

सहा डिसेंबरला मराठवाडा दादरला उतरतो. लातूर, नांदेड, परभणी, हिंगोली. त्यात आमच्या मुरुडचीही पोरं असतात. रात्रभर डब्याच्या दाराशी बसून काढलेली झोप, पायाखाली कुणाची तरी पिशवी, सकाळी चैत्यभूमीची रांग. माथा टेकवून झाला की सगळे शिवाजी पार्कात येतात. तिथं पुस्तकं घेतात, हे आता पेपरवालेही सांगतात. पण चित्रं घेतात, हे कुणी सांगत नाही. बाबासाहेबांच्या तसबिरी, बुद्धाच्या मूर्ती, रमाईचं चित्र, भीमा कोरेगावच्या स्तंभाचं कॅलेंडर, प्लास्टरचे अर्धपुतळे, बिल्ले. शेतमजूर बाई पदराची गाठ सोडते, पैसे मोजते आणि एक तसबीर घेते. पेपरात गुंडाळून, लेकरासारखी छातीशी धरून गावाकडं आणते.

दोस्तांनो, मुंबईतलं चित्रांचं सगळ्यात मोठं प्रदर्शन हे आहे. तिकीट नाही, निमंत्रणपत्रिका नाही, फीत कापायला कुणी पाहुणा नाही. बघणारा आणि विकत घेणारा एकच, आणि तो रोजंदारीवर जगणारा. असं दुसरीकडं कुठं असेल तर दाखवा. आणि आमच्या मराठी कलासमीक्षकांनी या प्रदर्शनावर किती पानं खर्ची घातली, तेही दाखवा.

आता दुसरं ऐका. त्याच दादरहून लोकल धरली की वीस-पंचवीस मिनिटांत सीएसएमटी. तिथून पायी वीस मिनिटं, काळा घोडा. तिथं १९५२ सालापासून जहांगीर आर्ट गॅलरी उभी आहे. आजूबाजूला फोर्टात, कुलाब्यात डझनावारी खासगी गॅलऱ्या. १९९९ पासून तिथं काळा घोडा महोत्सव भरतो. २०१२ पासून दर जानेवारीत गॅलऱ्या एकत्र येऊन मुंबई गॅलरी वीकेंड भरवतात. आणि या खासगी गॅलऱ्यांत पाय ठेवायला एक पैसा लागत नाही. फुकट.

तरी आमचा पोरगा तिथं जात नाही. मुरुडहून साडेचारशे-पाचशे किलोमीटर येतो आणि शेवटच्या नऊ किलोमीटरला थांबतो. माझं भांडण आहे ते या नऊ किलोमीटरशी.

फुकट दार म्हणजे उघडं दार नव्हे. हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात बोल्यांचा ठराव पास झाला, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. १९२४ ला महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केलं. कागदावर. पाणी प्यायला मात्र २० मार्च १९२७ ला हजारोंनी चालत जावं लागलं. गॅलरीचं तसंच आहे. दारावर कुणाची जात लिहिलेली नाही. पण काच आहे, थंड हवा आहे, भिंतीवरचा मजकूर बहुतेक इंग्रजीत आहे. टेबलामागचं माणूस मान वर करतं, तुमच्या चपला बघतं, मान खाली घालतं. झालं. तेवढ्यात तुम्हाला कळतं की तुम्ही चुकून आलात. येसकराला वाड्याच्या दारात जे कळायचं, तेच.

*

एक प्रश्न मला नेहमी छळतो. आपल्याकडं कविता पेटली, चित्र का नाही पेटलं?

हिशोब बघा. १९६३ ला बाबूराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’. औरंगाबादहून पानतावण्यांचं ‘अस्मितादर्श’. १९७२ ला ‘गोलपिठा’, त्याच साली दलित पँथर. १९७८ ला ‘बलुतं’. आमच्या लातूर जिल्ह्यातल्या लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ला १९८८ चं साहित्य अकादमी. पंचवीस वर्षांत मराठी साहित्याची सगळी बैठक उधळून लावली आपल्या माणसांनी. सदाशिव पेठेला दुसरी भाषा शिकावी लागली. आणि चित्रकलेत? त्या पंचवीस वर्षांतली नावं विचारली तर पोरं एकमेकांच्या तोंडाकडं बघतात.

काही शहाणे म्हणतील, तुमच्यात चित्रकार नव्हते. खोटं. गावोगावच्या दुकानांच्या पाट्या, बैलगाड्या, ट्रकची पाठ, तमाशाचे पडदे, जयंतीच्या कमानी कुणी रंगवल्या? हात होते. पण त्या हातांच्या आड तीन गोष्टी आल्या.

पहिली गोष्ट साधी. कवितेला काय लागतं? शिसपेन आणि पाठकोरा कागद. छापायला सायक्लोस्टाईल मशीन, एक रीम कागद आणि रात्रभर जागायची तयारी. सकाळी तीच कविता पाचशे खिशांत. चित्राला कॅनव्हास लागतो, रंग लागतो, उजेडाची खोली लागते, वाळेपर्यंत टेकवून ठेवायला भिंत लागते. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं झोपत असतील तर तीन फुटी कॅनव्हास वाळवायचा कुणाच्या छातीवर? आणि एवढं करून चित्र एकच. ते एकाच घरात जाणार. म्हणजे ज्याच्या घरी तेवढी मोकळी भिंत आहे त्याच्याच. कवितेला वाचक लागतो, चित्राला गिऱ्हाईक लागतं. कवी फाटक्या शर्टावर कवी राहू शकला. चित्रकाराला शेठ शोधावा लागला. लिटल मॅगझीननं कवीला शेठपासून सोडवलं. चित्रकाराला सोडवणारं लिटल मॅगझीन निघालंच नाही.

दुसरी गोष्ट जातीची. हातानं काम करणाऱ्याला इथं नाव नसतं. कुंभार, चांभार, मांग, बुरूड, सुतार, लोहार, सगळे कारागीर. कलाकार दुसरा कुणी. मुंबईचं जे. जे. १८५७ ला निघालं ते हस्तकला-कारागिरी शिकवायच्या नावानं. पुढं तिथंही चित्र-शिल्प वरच्या माळ्यावर गेलं आणि कारागिरी खाली राहिली. अजिंठा आपल्या मराठवाड्यात आहे. जगभरचे लोक बघायला येतात. ती चितारणाऱ्यांतल्या चार जणांची नावं सांगा. जुनं कशाला? जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये पुरुषांच्या पायात कोल्हापुरी चप्पल घातली. कोल्हापूर नाही, महाराष्ट्र नाही, चांभार नाही, कशाचाच उल्लेख नाही. बोंब झाली तेव्हा कबूल केलं. चप्पल मिलानला गेली, शिवणारा वस्तीतच राहिला. वस्तू वर जाते, हात खाली राहतो. याच्याइतका जुना कायदा या देशात दुसरा नाही.

तिसरी गोष्ट आपल्याच घरातली. आमच्या लातूरचा पॅटर्न सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. दहावीला टक्के, बारावीला टक्के, पुढं डॉक्टर. आई-बापाचं चुकत नाही, त्यांनी भूक बघितली. पण त्यात ड्रॉइंग म्हणजे एलिमेंटरी-इंटरमिजिएटची परीक्षा आणि ग्रेडचे वाढीव मार्क एवढंच. मार्क पडले की रंगपेटी माळ्यावर. ज्यानं उतरवली नाही तो गावात पेंटर झाला. मग फ्लेक्स आला आणि पेंटरचा ब्रश वाळून गेला. आता जयंतीच्या बॅनरवर साहेबांचे, दादांचे, भाऊंचे पन्नास फोटो असतात. बाबासाहेब एका कोपऱ्यात, पासपोर्ट साईज.

*

पँथर हे नाव आपण कुठून घेतलं, सगळ्यांना पाठ आहे. अमेरिकेतल्या ओकलंड शहरात १९६६ साली ब्लॅक पँथर पार्टी निघाली. आपण नाव घेतलं, तेवर घेतला. पण एक गोष्ट घ्यायची राहिली.

त्या पार्टीत संस्कृतीचा मंत्री होता. एमरी डग्लस त्याचं नाव. पोरगा असताना सुधारगृहात टाकला होता, तिथल्या छापखान्यात त्यानं छपाईचं काम बघितलं. नंतर कॉलेजात जाहिरातीची कला शिकला. १९६७ पासून त्यानं पार्टीच्या पेपरची चित्रं केली. पेपरची किंमत पंचवीस सेंट. मागचं अख्खं पान त्याचं पोस्टर. रंगाला पैसे नाहीत म्हणून काळ्याबरोबर एखाद-दुसराच रंग. जाड रेघ, लांबून दिसेल अशी. मुलाला छातीशी धरलेली आई, हातात बंदूक घेतलेली बाई, डुकराच्या तोंडाचा पोलीस. लोक पेपर वाचायचे, पोस्टर फाडून भिंतीला लावायचे. त्याच्या लेखी गल्लीची भिंत हीच गॅलरी. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी पार्टीचा कार्यक्रम भिंतीवर बघितला.

मग चाळीस वर्षांनी काय झालं? २००७ ला लॉस एंजेलिसच्या आणि २००९ ला न्यूयॉर्कच्या म्युझियमनं त्याच पंचवीस सेंटच्या कागदांचं प्रदर्शन लावलं. तो म्युझियमच्या दारात गेला नव्हता. म्युझियम त्याच्या दारात आलं.

आपल्याकडं भिंती रंगल्या नाहीत असं नाही. मुखपृष्ठं झाली, पोस्टरं झाली, निळ्या रंगानं वस्त्या माखल्या. पण चित्र हे चळवळीचं रोजचं काम आहे, त्याला माणूस लागतो, त्याला खातं लागतं, असं आपण मानलं नाही. चित्रकाराला आपण बॅनर रंगवायला बोलावलं. चहा पाजला. भाषणाच्या वेळी स्टेजवर मात्र तो नव्हता.

*

तरी माणसं निघालीच. त्यांची नावं पाठ करा, कवींची करता तशी.

नागपूरचे सवी सावरकर. गळ्यातलं मडकं, कमरेचा झाडू, देवदासी, मनू हे सगळं त्यांनी अम्लमुद्रणात आणि रंगात आणलं, या विषयाला बाजारात भाव यायच्या कितीतरी आधी. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचे प्रभाकर पाचपुते. कोळशाच्या खाणीतली माणसं त्यांनी कोळशानंच काढली. विक्रोळीचे विक्रांत भिसे. त्यांनी पँथर आणि नामांतराचा लढा चित्रात आणला. राज्यश्री गुडी यांनी आपल्या आत्मकथनांतली भूक, शिळं अन्न, मिळेल ते रांधणं उचललं आणि त्याच्या पाककृती करून मांडल्या. ज्या घरात पाककृतीची पुस्तकं असतात, त्या घराला हे वाचायला लावलं.

कुलाब्यात रीगल सिनेमाच्या समोर, २०१० साली, क्लार्क हाऊस इनिशिएटिव्ह नावाची जागा निघाली. बाजाराच्या गॅलरीसारखी नाही, स्वतंत्र. योगेश बर्वे, अमोल पाटील, सचिन बोंडे, रूपाली पाटील ही पोरंपोरी तिथं एकत्र काम करायला लागली. पाचपुत्यांचं पहिलं एकल प्रदर्शन २०१२ ला तिथंच झालं. चार भिंती, चार माणसं आणि कुणाची परवानगी न घेता काही करायची धमक, एवढ्यावर काय होतं याचा हा पुरावा आहे. लिटल मॅगझीन निघायचं ते असंच निघायचं.

आणि २०२२ उजाडलं. पँथरचं पन्नासावं वर्ष. त्या उन्हाळ्यात जर्मनीत दोन मोठी प्रदर्शनं होती. कासेलला डॉक्युमेंटा, तिथं अमोल पाटील. आजोबा पोवाडे लिहिणारे, बाप म्युनिसिपालिटीत नोकरी करून नाटकं लिहिणारा, त्यांचा हा पोरगा. बर्लिनच्या बिनालेत प्रभाकर कांबळे. त्यांच्या कामाचं नाव ‘उतरंड’. मडक्यावर मडकं, मडक्यावर मडकं.

आता बघा गंमत. उतरंड म्हणजे काय हे बर्लिनला समजावून सांगावं लागलं असणार. मुरुडच्या कुठल्याही म्हातारीला सांगावं लागलं नसतं. तिनं बघितल्याबरोबर म्हटलं असतं, खालचं मडकं काढा की, मग बघा वरचं कुठं राहतंय. बाबासाहेबांचं सगळं म्हणणं त्यात आलं असतं. पण ती म्हातारी ते बघणार कुठं? लातुरात कुठल्या भिंतीवर? नांदेडात कुठल्या हॉलमध्ये? कल्याण मंडपं आहेत, कोचिंग क्लासची चार-चार मजली बिल्डिंगं आहेत. आमचं चित्र जर्मनीला पोचलं, आमच्या आईपर्यंत पोचलं नाही. पन्नास वर्षांचा हिशोब मांडायचा तर असा मांडा.

*

आता गॅलरी ही काय चीज आहे ते नीट समजून घ्या. ती देऊळ नाही आणि दुश्मनही नाही. दुकान आहे. दुकानाचे नियम असतात.

दोन तऱ्हेच्या गॅलऱ्या. एक भाड्याची, जहांगीरसारखी. तिथं अर्ज करायचा, निवड झाली की नंबर लागायची वाट बघायची, आठवड्याचं भाडं स्वतः भरायचं. दुसरी खासगी. ती भाडं घेत नाही, चित्रकार निवडते, विक्रीतला वाटा घेते. पुष्कळ ठिकाणी हा वाटा निम्मा असतो. निम्मा वाटा म्हणजे बटई, हे शेतमजुराच्या पोराला वेगळं सांगायला नको. बटईचा करार तोंडी ठेवला की काय होतं, तेही नको.

बाजार किती मोठा आहे? मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात हुसेनचं १९५४ सालचं ‘ग्रामयात्रा’ हे चित्र एक कोटी अडतीस लाख डॉलरला गेलं. म्हणजे ११८ कोटी रुपयांच्या आसपास. हुसेन पंढरपुरात जन्मलेला. मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवून पोट भरणारा. १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपमध्ये त्याच्या जोडीला आरा होता. ड्रायव्हरचा मुलगा, बोलारमचा, म्हणजे आपला मराठवाडा तेव्हा ज्या निजामाच्या राज्यात होता त्याच राज्यातला. मुंबईत त्यानं घरकाम केलं, मोटारी धुतल्या आणि चित्रं काढली. होर्डिंगवाला आणि मोटारी धुणारा आत जाऊ शकले. म्हणजे दार फुटतं. पण ते दोघं आत गेल्यामुळं होर्डिंगवाल्यांचं काही भलं झालं का? नाही झालं. एकटा आत गेला की एकट्याचंच होतं.

आणि आता नवा सापळा आहे. दहा-पंधरा वर्षांपूर्वी ‘दलित’ म्हटलं की गॅलरीचं तोंड वाकडं व्हायचं. आता दलित चालतो. आता ते तुमचं दुःख मागतात. आजीचं मडकं आणा, बापाचा झाडू आणा, जखम दाखवा, थोडी आणखी उघडी करा, प्रकाश नीट पडू द्या. ज्या दिवाणखान्यात तो झाडू फ्रेममध्ये लागणार त्याच घरात मोलकरणीचा कप वेगळा असतो, मोरीशेजारी. चित्रातला झाडू दहा लाखाचा, खरा झाडू मारणारी दहा हजाराची. विकत घेणारा मात्र रात्री शांत झोपतो, कारण त्यानं अन्यायाच्या विरोधात खरेदी केलेली असते.

म्हणून मी म्हणतो, दलित हा शब्द हत्यार म्हणून वापरा, किमतीची चिठ्ठी म्हणून नको. आपल्या पोरानं मडकंच काढलं पाहिजे असं कोण म्हणतो? त्यानं आभाळ काढावं. नुसते चौकोन काढावेत. प्रेयसीची पाठ काढावी. बामणाचा पोरगा चौकोन काढतो तेव्हा तो ‘आधुनिक’ असतो, आपला काढतो तेव्हा ‘समाजाशी तुटलेला’ असतो, हा न्याय कुणी काढला? ज्याला सगळं काढायची मोकळीक आहे त्यानंच मडकं काढलं तर त्या मडक्याला धार येते.

*

चळवळीतली जुनी माणसं आता हसत असतील. म्हणतील, पोरं नोकरीवाचून फिरतात, गायरान हातचं चाललंय, शिष्यवृत्त्या वेळेवर येत नाहीत, आणि हा गॅलरीच्या गोष्टी सांगतो. आधी भाकरी बघ, मग चित्र.

त्यांना मी एकच विचारतो. चित्राला आणि अक्षराला किंमत नसती तर आपल्या माणसांनी जीव कशासाठी दिले? २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटवला गेला. ४ ऑगस्टला नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचिराम कांबळेंना मारलं. २५ नोव्हेंबर १९९३ ला नांदेडात गौतम वाघमारेंनी स्वतःला पेटवून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. कमानीवरच्या काही अक्षरांसाठी इतकी वर्षं. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं गेली. १० डिसेंबर २०२४ ला परभणीत पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या धरपकडीत सापडलेला सोमनाथ सूर्यवंशी १५ तारखेला न्यायालयीन कोठडीत मेला.

ते पुतळा का फोडतात? प्रतिकृती का फोडतात? त्यांना कळतं, ही माणसं भाकरीशिवाय चार दिवस काढतील, पण या प्रतिमेशिवाय उभी राहणार नाहीत. प्रतिमेची किंमत आपल्याइतकी रक्तात कुणी मोजली? आणि तीच आपण दुसऱ्याला काढायला सांगायची? पुतळ्याचं कंत्राट दुसऱ्याला, बॅनर फ्लेक्सवाल्याला, आपला इतिहास चितारायचं काम गॅलरीच्या मर्जीला?

*

तर काय करायचं? मोठं काही नाही. उद्यापासून करता येईल एवढंच सांगतो.

आत जा. एकट्यानं नको, पाच-दहा जणांनी जा. लातूरची एक्स्प्रेस सकाळी सीएसएमटीला पोचते, गॅलऱ्या साधारण अकरानंतर उघडतात, मधल्या वेळात चहा प्या. रविवारी-सोमवारी पुष्कळ खासगी गॅलऱ्या बंद असतात, तेवढं बघून घ्या. आत गेल्यावर हळू बोलू नका. मराठीत विचारा. हे काय आहे, कशानं केलंय, किंमत काय, यादी दाखवा. किंमत विचारणं हा गुन्हा नाही. आवडलं नाही तर मराठीतच सांगा. चवदार तळ्याचं पाणी गोड म्हणून नव्हतो प्यायलो आपण.

मराठी मागा. मुंबईत दुकान आणि भिंतीवर फक्त इंग्रजी, हे चालणार नाही. भिंतीवरचा मजकूर मराठीत द्या, अर्ज मराठीत घ्या. अशक्य नाही. बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स १९९५ पासून अनुदानं देते आणि अर्ज कुठल्याही भारतीय भाषेत घेते. बंगळुरूला जमतं ते काळा घोड्याला का जमू नये? तोवर जे आहे ते वापरा. कला संचालनालयाचं राज्य कला प्रदर्शन आहे, त्यात विद्यार्थ्यांचा विभाग आहे. १८८८ पासूनची बॉम्बे आर्ट सोसायटी आहे. कोचीच्या बिनालेत कला महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळं प्रदर्शन असतं. इंग्रजीत अर्ज लिहिता येत नाही म्हणून कुणाचं चित्र घरी राहिलं तर ती शरम चळवळीतल्या इंग्रजी शिकलेल्यांची आहे. प्राध्यापक झालात ना? मग लिहून द्या.

कागद करा. चित्र दिलं की पोच घ्या. किती महिने ठेवणार, वाटा किती, पैसे किती दिवसांत, मोडतोड झाली तर भरून कोण देणार, सगळं लिहून सही घ्या. आपल्या बापांनी अंगठे दिले. आपण सह्या घ्यायच्या.

आणि शेवटचं. चित्राचं लिटल मॅगझीन काढा. म्हणजे छापाचं चित्र. लिनोचा तुकडा, कोरायची पाती, छपाईची शाई, छोटा रोलर. मशीन नसेल तर कागदाच्या पाठीवरून चमचा घासा, छाप उठतो. अक्षरं तेवढी उलटी कोरायची. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात चित्तप्रसाद गावोगाव हिंडला, मरणारी माणसं कागदावर आणली. त्याचं पुस्तक इंग्रजांनी जप्त करून जाळलं. पुढं तोच माणूस मुंबईत अंधेरीला राहून लिनो कोरत बसला. गॅलरी छाप काढते तेव्हा दहा-वीसच काढते, नंबर टाकते आणि थांबते, कारण कमी असलं की महाग होतं. आपण नंबर टाकायचा नाही. ठोकळा झिजेपर्यंत छापायचं. वीस रुपयाला एक. शेतमजूर बाईच्या पदराच्या गाठीत बसेल असं चित्र.

ते कुठं लावायचं? बुद्धविहारात. ग्रामपंचायतीच्या वाचनालयात. एसटी स्टँडच्या हॉटेलात. १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर अख्खा मराठवाडा येतो, तिथं. १४ एप्रिलला मुरुडच्या मिरवणुकीत एक बॅनर असा, ज्यावर कुठल्याही साहेबाचा फोटो नाही, फक्त आपल्या पोरीनं कोरलेलं चित्र. आणि येत्या सहा डिसेंबरला शिवाजी पार्कात, तसबिरींच्या स्टॉलशेजारी, एक दोरी बांधा. कपड्याच्या चिमट्यानं छाप लटकवा. तिथून उरलेले घेऊन लोकल धरा आणि जहांगीरच्या बाहेरच्या फुटपाथवर तीच दोरी बांधा.

नऊ किलोमीटर आहेत. महाडला याच्याहून लांबून लोक चालत आले होते.